कोरड्या हाताचे नाना

जालन्यात नळाला पाणी येतं ते आधी आवाज करत. नळ सुस्कारतो, खाकरतो, लालसर पाण्याची एखादी गुळणी टाकतो आणि मग गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "आलं, आलं!" अशी हाळी जाते. पिंपं, घागरी, बादल्या, कुकरची भांडी, लेकराला आंघोळ घालायचा टब, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं धावतात. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणारं पाणी. जावयाचं होत नाही एवढं त्याचं स्वागत होतं. या गडबडीत एकच माणूस उलट्या दिशेनं पळतो. नाना. ते माजघरात शिरतात, आतून कडी घालतात आणि उंबऱ्याच्या फटीत जुनं धोतर कोंबतात. पाणी जाईपर्यंत बाहेर येत नाहीत. आत त्यांच्या बरण्या असतात.

"पाणी भरताना ओल उडते," असं त्यांचं म्हणणं. "आणि ओल दिसत नाही. दिसली असती तर भ्यायचं काय कारण होतं?"

नाना हा एक माणूस नसून वाण आहे. जुन्या जालन्यात आहे, नव्या जालन्यात आहे, कुंडलिकेच्या पुलावर दोन्हीकडचे नाना समोरासमोर आले की तब्येतीची चौकशी न करता "यंदा भोकर कसंय?" असं विचारतात. अंबडला आहेत, परतूरला आहेत, भोकरदन-जाफराबादकडे तर पेरा दाटच आहे. ओळखायची खूण सोपी. साठी उलटलेली, खिशात दोन दस्त्या, एक तोंड पुसायला आणि एक निव्वळ हात कोरडे करायला. लग्नाच्या पंगतीत वाढपी लोणचं वाढून गेला की हे आधी त्याच्या चमच्याकडे बघतात, मग पानातल्या लोणच्याकडे, आणि दोघांनाही नापास करतात. मी सांगतोय ते आमच्या गल्लीतल्या नानांबद्दल. पण तुमच्या गल्लीतल्यांना लागू पडलं तर माझा इलाज नाही.

नानांना ही भीती नोकरीनं दिली. जालन्याला बियाण्याचं गाव म्हणतात. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या वाटेनं शहरात बियाण्याच्या कंपन्यांची रांग लागली. त्यांतल्या एका कंपनीच्या गोदामात नाना लागले आणि ज्वारी-बाजरी-कपाशीच्या थप्प्यांमध्ये उभ्या उभ्या म्हातारे झाले. या धंद्यात एक ठोकताळा आहे: दाण्यातली ओल एक टक्क्यानं उतरली की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं. (पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान, असं पुस्तक म्हणतं. नाना दरम्यान वगैरे मानत नाहीत.) ओल मोजायचं यंत्र गोदामात होतं, पण नानांचा भरवसा दाढेवर. पोत्यातला दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर पोतं आत, मऊ लागला तर पोतं परत उन्हात. दाणे चावून चावून उजवीकडची एक दाढ गेली. ती सेवेत खर्ची पडली असं त्यांनी मानून घेतलं.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी घरभर नजर फिरवली. थप्प्या नव्हत्या, पोती नव्हती, राखायला काहीच नव्हतं. कोपऱ्यात काकूंची लोणच्याची बरणी होती.

तोवर घरात लोणचं काकू घालत. एक कैरीचं, एक लिंबाचं, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून कुणी मिरच्या आणल्या तर एक मिरचीचं. 'रुचिरा' उघडायचं, वाटी-चमच्याचं माप घ्यायचं आणि दुपारी डोळा लागायच्या आत काम उरकायचं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ते पुस्तक वाटी-चमच्यात लिहून कितीतरी नवे संसार मार्गी लावले. नानांनी ते चष्मा लावून वाचलं आणि पहिला प्रश्न काढला, "वाटी कोणाची?"

काकूंनी वाटी दाखवली. नानांनी वाटीभर मीठ तोललं, फोडी तोलल्या, पाटीवर हिशेब मांडला आणि पाच किलोला एक किलो हे प्रमाण काकूंच्या हातून गेली पस्तीस वर्षं चुकत आलंय असं जाहीर केलं. काकूंनी बरणी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि त्या टीव्ही लावून बसल्या. एवढ्या शांतपणे झालेलं सत्तांतर मराठवाड्यानं दुसरं पाहिलेलं नाही.

नानांच्या राज्यात कैरी मागं पडली. कैरी फोडावी लागते आणि फोडली की चहूबाजूंनी पाझरते, हे त्यांना सोसत नाही. त्यांचा जीव लहान फळांवर. सालीत बंद, अखंड, देवाघरून सीलबंद होऊन आलेली. बागांच्या कुंपणावरची हिरवी करवंदं, वैशाखातली भोकरं, थंडीतले आवळे, कागदी लिंबं. अडचण एकच. फळ धुवावं लागतं. धुणं टाळता येईल का, यावर त्यांनी बराच विचार केला, पण कुंपणावरच्या करवंदांवर रस्त्याची इतकी धूळ असते की तिथं त्यांना हार पत्करावी लागली. तेव्हापासून धुतलेली करवंदं तीन चादरींचा प्रवास करतात. पहिल्या चादरीवर निथळतात, दुसरीवर पंख्याखाली लोळतात आणि तिसरीवर बसून नातू त्यांना एकेक करून पुसतो. देठाशी बसलेला चीक वेगळ्या फडक्यानं. ते पाहून काकू म्हणाल्या, "स्वतःच्या लेकराला यांनी एवढं कधी पुसलं नाही."

खरी परीक्षा भोकराची. बांधावरच्या झाडाला बोराएवढ्या फळांचे घोस लागतात. पिकलं की फिकट पिवळं-गुलाबी होतं, पोरं खातात, पण लोणच्याला हवं ते कच्चं, हिरवं, कडक. बाहेरून इतकं सभ्य दिसणारं फळ आतून असं चिकट, की एकदा फोडलं की बोट, वरवंटा, पाट, लुगड्याचा पदर, कुणी कुणाला सोडत नाही. शाळेत असताना आम्ही पतंग याच डिंकावर जोडायचो. भोकर वरवंट्यानं हलकेच ठेचायचं, मिठात घोळवलेल्या काडीनं आतली बी उकरायची आणि पोकळीला आतून मीठ चोळायचं, म्हणजे चिकटा सुटतो. मग तिच्यात कैरीचा कीस आणि मसाला दाबून भरायचा: मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट. उरलासुरला चिकटा कैरीचा आंबटपणा मारतो. सगळं बरणीत बसलं की वरून करडईचं तेल, कडकडीत तापवून पार गार केलेलं, फळं बुडून वर चार बोटं उरेल इतकं. मुरलेलं भोकर दाताखाली कचकन तुटतं आणि मग आतला खार जिभेवर येतो. ज्यानं ते ज्वारीच्या भाकरीशी खाल्लंय त्याला पुढचं सांगायला नको. ज्यानं खाल्लं नाही त्यानं त्यासाठी नानांकडे जाऊ नये, बरणी उघडणार नाही.

भोकराच्या दिवशी गल्लीतल्या चार बाया बोलावल्या जातात. एका माणसाचं ते काम नाही. सतरंजी अंथरलेली, मिठाच्या परातीच्या भोवती कोंडाळं, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि नाना हातात दस्ती घेऊन मागं येरझारा घालतायत. मागच्या खेपेला कुणाच्या तरी सुनेची गोष्ट रंगात आली होती. नाना थांबले.

"गप्पा बंद ठेवा जरा. बोलताना तोंडातून ओल उडते."

शांतता पसरली. चार बाया एका सतरंजीवर आणि मधे अर्धवट राहिलेली सून. त्या शांततेत भोकर फुटण्याचाच तेवढा आवाज येत होता. काकू आतून म्हणाल्या, "आणि हे जे आता बोललात, ते कोरडं होतं का?"

बरण्यांचं तर वेगळंच खातं आहे. चिनी मातीच्या, पिवळट पांढऱ्या, खांद्यावर तपकिरी पट्टा असलेल्या. त्या आधी उन्हात तापतात, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरीवर पालथ्या घातल्या जातात, मग नाना आत हात घालून बुडाशी बोट फिरवतात आणि ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघतात. तोंडाला दादरा बांधतात तो धुतलेला, वाळवलेला, इस्त्री केलेला. नानांचे स्वतःचे सदरे बिनइस्त्रीचे असतात. या सगळ्याला मृगाची मुदत. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणारा हा जिल्हा; जून उजाडला की सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून बसतं. नानाही लावतात. मात्र ढग आला की गाव हात जोडतं आणि नाना ओरडतात, "खिडक्या!"

मोसंबीवर त्यांचं प्रेम आहे, पण त्याचं कारण निराळं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. त्यांना कौतुक वाटतं ते ताणाचं. बागेला बहर धरायचा तर आधी पाणी तोडतात, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवतात आणि मग पाणी सोडतात, की झाड फुलून येतं. शेतीतलं हे एवढंच तंत्र नानांना मनापासून पटलेलं आहे, तेही पहिल्या अर्ध्यापुरतं.

२०१२-१३ साली कुणाला ताण द्यावा लागला नाही. जिल्ह्यात बागाच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांना टँकर परवडले त्यांनी झाडं जगवली, बाकीच्यांनी कुऱ्हाड लावली. नानांच्या मेव्हण्याच्या बागेतलं एक झाड असंच वाळलं, बांधाला होतं म्हणून तोडायचं राहून गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात बुडातून फुटलं. मोसंबीचा डोळा भरतात तो रंगपूर लिंबाच्या खुंटावर. वरची मोसंबी मेली होती, खालचा रंगपूर जिवंत होता. काही वर्षांनी त्याला फळं लागली: लहान, नारिंगी, दिसायला संत्र्याची धाकटी बहीण आणि चवीला सासू. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मेव्हणा ते झाड काढायला निघाला तेव्हा नाना त्याच्या आडवे झाले, म्हणजे खरोखरच बुडाशी बसले.

"याला एवढ्या दुष्काळानं मारलं नाही, आणि तू मारतो का?"

मेव्हणा म्हणाला, "दाजी, कामून बसले इथं? मुंग्या आहेत."

नाना उठले, पण फळं घेऊन उठले. चार चिरा दिलेल्या त्या रंगपुरांत मीठ, हळद, आल्याचा कीस, मिरे आणि थोडं तिखट घालून त्यांनी जे लोणचं घातलं, ते मी एकदा चाखलंय. तेल नाही, फोडणी नाही, फळाच्या स्वतःच्या रसात फळ मुरलेलं. साल मऊ झालेली, रंग गडद तपकिरी, आणि तोंडात टाकल्यावर आधी आंबट, मग कडू, मग पुन्हा काहीतरी तिसरंच. सुपारीएवढा तुकडा मिळाला होता. दुसरा मागितल्यावर नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पाणी मागितलं. तेही त्यांना आवडलं नाही.

ती बरणी पिवळ्या चिठ्ठीची आहे. हे जरा समजावून सांगावं लागेल. बियाण्याच्या पिशवीला दर्जाप्रमाणे रंगीत चिठ्ठी असते: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी, सत्यप्रतला हिरवट. नानांनी हीच पद्धत माजघरात आणली. पिवळी चिठ्ठी म्हणजे मूळ बरणी. तिला ते स्वतःसुद्धा विनाकारण हात लावत नाहीत. पांढरी व्याह्यांसाठी. निळी घरच्या वापराला, तीही मुरल्याची तारीख उलटल्यावर. शेजाऱ्यांना वाटीतून मिळतं ते हिरव्या चिठ्ठीचं. "सत्यप्रत म्हणजे काय," ते मला म्हणाले, "जे आहे ते चिठ्ठीवर खरं लिहिलंय. पुढं उगवलं-न उगवलं त्याला सरकारी शिक्का नाही." मी वाटी घेऊन घरी आलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं: भोकर, लॉट दुसरा, स्थळ माजघर पूर्व भिंत, चमचा कोरडा वापरावा, वाटी परत करावी.

लोक त्यांना कंजूष म्हणतात. मला ते पटत नाही. कंजूष माणूस घाण्याचं करडईचं तेल चार बोटं वर येईपर्यंत ओतत नाही, आणि हिंग तर त्याच्या घरात वासापुरताच असतो. नानांना लोणचं वाचवायचं नसतं, हरवायचं असतं, कुणाला तरी. मला वाटतं बुरशीला. उभ्या आयुष्यात त्यांच्या डोळ्यांदेखत इथलं बरंच काही गेलं: बागा गेल्या, कुंडलिकेचं पाणी गेलं, विहिरी आटल्या, पोरं पुण्याला गेली. त्यातली एकही गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. बरणी आहे. पोरीनं एकदा बाजारातल्या लोणच्याची बाटली पाठवली, "बाबा, कशाला एवढा त्रास घेता?" नानांनी भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली, सोडियम बेंझोएट या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला मिठाच्या जागी कोणी भरती केलं?" फ्रीजचंही तेच. फ्रीजमधून बरणी बाहेर काढली की तिला घाम फुटतो, आणि घाम म्हणजे ओल. फ्रीजला त्यांच्या घरात काकूंच्या सवतीसारखा मान आहे. आहे, पण नाव काढायचं नाही.

घामावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका निळ्या बरणीत बुरा धरला. तेलाच्या वर, कडेला, करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका. दुसऱ्या कुणी तो पळीनं काढून टाकला असता. नानांनी चौकशी बसवली.

रजिस्टर निघालं. बरणी कधी उघडली, कुणी उघडली, पळी कुठली, आभाळ कसं होतं. नातवाचा जबाब झाला. त्याला क्रिकेटला जायचं होतं म्हणून त्यानं पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल केला, पण तारीख जुळेना म्हणून तो सुटला. भांडी घासणाऱ्या मावशींनी "म्या तुमच्या माजघरात पाय तर ठेवला का कधी?" असं उलट विचारून चौकशी अधिकाऱ्यालाच गप्प केलं. उरले पुण्याहून आलेले जावई. जावयाला थेट विचारता येत नाही. नाना जेवणाच्या ताटावर अंदाज घेत राहिले आणि आमटीच्या वेळी हळूच म्हणाले, "जावईबापू, आपण पाणी पिऊन चमचा धरता, की चमचा धरून पाणी पिता?"

जावई आयटीतले. त्यांनी प्रश्न नीट समजून घेतला आणि "डिपेंड्स," असं उत्तर दिलं. नानांनी ते रजिस्टरात जसंच्या तसं उतरवलं.

प्रकरण पंधरवडाभर चाललं. शेवटी काकूंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला. "ती बरणी भरली कोणी? तुम्ही. कधी? भर वैशाखात दुपारी बाराला. पंखा होता का? नव्हता, मसाला उडतो म्हणून तुम्हीच बंद करायला लावला. अंगातून धारा लागल्या होत्या. वाकून वाकून आत बघत होता. नाकाच्या शेंड्यावरून काय पडलं असंल, तेवढं काढा शोधून."

नाना काही बोलले नाहीत. त्या वर्षापासून ते बरणी भरताना कपाळाला तिसरी दस्ती बांधतात. रजिस्टरात मात्र कारणापुढं अजून 'तपास चालू' असंच आहे.

एवढं सगळं असताना या घरात उन्हाळ्यात तोंडीलावणं काय असतं, हा प्रश्न कुणालाही पडावा. पिवळी बंद, पांढरी व्याह्यांची, निळी मुरतीये, हिरवी आमच्याकडे. उत्तर आहे तक्कू. काकू नळाखाली हात धुतात, ते तसेच ओले घेऊन एक कैरी किसतात, अर्धा कांदा बारीक चिरून टाकतात, तिखट, मीठ, गुळाचा खडा, आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. पाच मिनिटांत वाडगं भरतं. बोटांवरून पाणी ठिबकत असतं. नाना ते बघतात, डोळे मिटतात आणि ताटावर बसतात.

परवा मी तिथंच जेवायला होतो. नानांनी भाकरीचा चतकोर मोडला, तक्कूत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. मग वाडगंच जवळ ओढलं. नातवानं हात पुढं केला तर त्याला "लेकरांना आंबट बाधतं" म्हणून सांगितलं. तिसऱ्या भाकरीला वाडगं चाटूनपुसून कोरडं झालं होतं, अगदी नानांना हवं तसं.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "पण हे असलं टिकणार किती?"

"तुम्ही ताटावरून उठेपर्यंत," काकू म्हणाल्या.

नाना हात धुऊन आले, दस्तीनं कोरडे केले, आणि रजिस्टर उघडून नवीन पान घेतलं. तक्कू, लॉट पहिला. टिकवण: पाव तास. बुरा: आढळला नाही.